एक फुली, तीन फुल्या

फलाटाचं कल्याणकडचं टोक मला आवडतं. तिथे पत्रा संपतो, म्हणून उन्हात उभं राहावं लागतं आणि पावसात छत्री सांभाळावी लागते. पण गर्दी कमी असते आणि मागच्या डब्यात निदान दोन्ही पाय टेकायला जागा मिळते. डिसेंबरातल्या एका सकाळी तिथेच लोकलची वाट बघत होते. पलीकडच्या जलद मार्गाच्या रुळावर, मधल्या उभ्या भागावर, लाल रंगाची एक फुली दिसली. ब्रशने घाईत ओढलेली, एक ओघळ खाली आलेला. फुलीच्या बाजूला रुळाला दोन जाडजूड लोखंडी पट्ट्या शिकंज्यांनी आवळून बसवल्या होत्या आणि त्या पट्ट्या मधोमध फुगीर होत्या. मी ते बघतेय तोवर जलद लोकल आली आणि त्या जागेवरून धडधडत निघून गेली. वेग कमी केला नाही, शिट्टी नाही, काही नाही. आतले लोक दारात लटकून मोबाइल बघत होते.

रूळ तपासणाऱ्यांना तिथे काहीतरी सापडलंय, त्यांनी तशी खूण केली आहे, आणि तरीही गाड्या जातायत. हे दिवसभर डोक्यातून जाईना. संध्याकाळी परत तिथेच उभी राहून फोटो काढला आणि मामाला पाठवला. मामा पीडब्ल्यूआय, म्हणजे रेल्वेमार्गाच्या देखभालीचा निरीक्षक, म्हणून निवृत्त झाला; आता मुलाकडे मुलुंडला असतो, गुडघे दुखतात म्हणून फारसा बाहेर पडत नाही, पण रुळाचा फोटो पाठवला की दोन मिनिटांत उत्तर येतं.

‘एकच फुली आहे ना? मग जा निवांत.’

‘आणि दोन असल्या तर?’

‘दोन नसतात. तीन असतात. तीन असत्या तर गाडी तीसच्या स्पीडनं गेली असती आणि तीन दिवसांत तो तुकडा काढला असता.’

म्हणजे हा नियम आहे. अल्ट्रासोनिक तपासणीत जो दोष तातडीने काढण्याजोगा ठरतो, त्याला तीन लाल फुल्या, लगेच ताशी ३० किलोमीटरची मर्यादा, चोवीस तासांत पट्ट्या आणि तीन दिवसांत बदली. जो तितका वाढलेला नसतो, त्याला एक फुली, पट्ट्या, आणि रोज तेवढ्या पट्ट्यातले रूळ बघत पायी फिरणाऱ्या चावीवाल्याची नजर. पहिल्याचं नाव आयएमआर, म्हणजे इमिजिएट रिमूव्हल, ताबडतोब काढा; दुसऱ्याचं ओबीएस. ओबीएस म्हणजे ऑब्झर्व्ह. लक्ष ठेवा. तडा आहे हे माहीत आहे, किती मोठा हे माहीत आहे, आणि अजून किती दिवस त्याच्यावरून गाड्या सोडता येतील याचाही अंदाज आहे. मला आजवर वाटायचं की रेल्वेतल्या संशोधकांचं काम तडे शोधण्याचं. त्यांचं निम्मं डोकं तडे शोधून झाल्यावर खर्च होतं.

मामाचं उमेदीचं आयुष्य इगतपुरीत गेलं. रेल्वे क्वार्टर, काळ्या दगडाच्या भिंती, मागे कौलारू न्हाणीघर आणि हाडं गोठवणारी थंडी. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा मामी आम्हाला गोधडीखाली कोंबायची आणि मामा पहाटे अंधारात मफलर गुंडाळून निघायचा. पुशट्रॉलीवर बसायला आम्हाला परवानगी नव्हती, पण यार्डात ती रुळावर चढवताना बघता यायची. लाकडी बाकडं, त्याला बांधलेलं लाल निशाण, ऊन असेल तर छत्री, आणि मागे ढकलणारे दोन ट्रॉलीमन. ते रुळावरूनच पळायचे. जेमतेम तळव्याएवढ्या रुंदीच्या लोखंडावर एकामागे एक पाऊल टाकत, खाली न बघता. ट्रॉलीने वेग घेतला की टुणकन मागे चढून बसायचे. मामा त्या बाकड्यावर बसून रुळाकडे बघत असायचा, तेही अगदी कंटाळलेल्या चेहऱ्याने. घरी तो पेपरही तसाच वाचायचा.

हिवाळ्यात पहाटे दारावर थाप पडली की घरातले सगळे जागे व्हायचे. ‘साहेब, रेल तुटलाय.’ मामी चहा टाकायच्या आत मामा बाहेर. बहुतेक वेळा पहाटेच, हे मला तेव्हाही विचित्र वाटायचं. आत्ताही मुंबईत डिसेंबर-जानेवारीत ‘रुळाला तडा गेल्याने लोकल विस्कळीत’ ही बातमी येते ती सकाळीच. त्याचं गणित मामाने खूप नंतर, मी कॉलेजात असताना, वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर मांडून दाखवलं होतं.

पूर्वी रूळ १३ मीटरचे असत आणि दोन रुळांमध्ये फट ठेवलेली असे. गाडीची ती खडक्-खडक् लय त्या फटींची. उन्हाने पोलाद लांबलं तर फट मिटायची, थंडीत उघडायची. रूळ मोकळा श्वास घ्यायचा. पण प्रत्येक सांध्यावर चाक आपटतं, सांध्याखालची खडी खचते, रुळाची टोकं चेपतात, आणि दर हिवाळ्यात सांध्यावरच्या पट्ट्या, म्हणजे फिशप्लेट, काढून ग्रीस लावत बसावं लागतं. म्हणून रूळ एकमेकांना जोडून अखंड केले. आता किलोमीटरच्या किलोमीटर फट नाही. मग पोलाद लांबत नाही का? लांबायला बघतं, पण रुळाखालच्या आडव्या स्लीपरवरच्या क्लिपा आणि खडी त्याला हलू देत नाहीत. जे लांबण्यात गेलं असतं ते आत कोंडून राहतं. मीटरला ६० किलो वजनाचा रूळ धरला तर तापमान एका अंशाने बदललं की एका रुळात जवळपास १.९ टनांचं बल साठतं. समजा रूळ ४० अंशांना ताणमुक्त करून बसवला आणि पहाटे पारा १५ वर आला, तर पंचवीस अंशांचा फरक म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस टन. दोन्ही बाजूंनी रुळाला धरून कोणीतरी तेवढ्या जोराने खेचतंय. वर गाडीही नाही, सगळं शांत आहे, आणि रूळ तुटायच्या बेतात ताणलेला आहे. अशा वेळी आत जिथे कुठे जुनं दुखणं असेल तिथून तो सुटतो. उन्हाळ्यात उलटं होतं; दाब वाढतो आणि खडी कमी पडली तर अख्खा मार्ग सापासारखा वळतो. त्यामुळे रूळ कुठल्या तापमानाला ‘सुखात’ ठेवायचा यावर केवढा अभ्यास झालाय. सुखाचं तापमान थोडं वर नेलं तर वळायची भीती कमी होते आणि तुटायची वाढते. मामाचं मत सरळ होतं: तुटलेला परवडतो, वळलेला नाही. रूळ पुरता तुटला तर बहुधा रुळांतून वाहणाऱ्या सिग्नलच्या विजेचं वर्तुळ, ट्रॅक सर्किट, तुटतं आणि मागचा सिग्नल आपोआप लाल होतो. वळलेल्या रुळात वीज तशीच वाहत राहते.

तुटायच्या आधी कळावं म्हणून काय काय केलं माणसांनी. चाकांवर हातोडी मारत जाणारा माणूस मी लहानपणी इगतपुरीच्या फलाटावर बघितलाय. घाट चढून आलेली गाडी उभी राहिली की तो वाकून प्रत्येक चाकाला एक ठोका देत पुढे जायचा. घंटेसारखा आवाज आला तर चाक बरं; बद्द वाजलं तर त्याचं पाऊल थांबायचं. रुळाच्या बाबतीत हे जमत नाही, कारण रूळ आतून किडतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या मँचेस्टर गावाजवळ २५ ऑगस्ट १९११ रोजी एका पुलापाशी रूळ फुटून गाडी घसरली आणि २९ माणसं गेली. जेम्स हॉवर्ड नावाच्या अभियंत्याने त्या रुळाचे तुकडे तपासले तेव्हा माथ्याच्या आत, बाहेरून कुठेही न दिसणारा, आडवा पसरलेला तडा सापडला. रुळाच्या पोटात एका ठिपक्यापासून सुरू झालेला आणि चाकागणिक वाढत गेलेला. म्हणजे वरून बघणारा कितीही डोळस असला तरी त्याला तो दिसलाच नसता. पुढे जायरोस्कोपवाल्या एल्मर स्पेरीने १९२८ मध्ये एक मोटारगाडी रुळावर आणली. ती रुळातून जबर विद्युतप्रवाह सोडायची आणि चुंबकीय क्षेत्रात कुठे वाकडेपणा येतो ते बघायची. त्या ठिपक्याचं मूळ हायड्रोजन आहे हे कळायला आणखी काळ गेला. वितळलेल्या पोलादात विरघळलेला वायू, रूळ थंड होताना अडकून पडतो आणि आतून चिरा पाडतो. आज भिलाईत रुळाचं पोलाद निर्वातात घालून तो वायू ओढून काढतात. आपल्याकडच्या रुळांत त्याची मर्यादा दहा लाखांत १.६ भाग आहे. मोजमापाची ही बारीकी वाचली की मला त्या २९ माणसांची आठवण येते. कोणाच्या तरी मरणातून आलेले आकडे आहेत हे, आणि रेल्वेच्या नियमपुस्तकात असे पानोपानी सापडतील.

आता श्राव्यातीत, म्हणजे अल्ट्रासोनिक लहरी. दोन चाकांची हातगाडी, तिच्यावर एक पडदा, पाण्याची टाकी, आणि खाली रुळाला टेकलेले प्रोब. पाणी कशासाठी, तर सोनोग्राफीत पोटाला जेल लावतात त्यासाठीच. मध्ये हवा राहिली तर लहर आत शिरत नाही. एक प्रोब सरळ खाली बघतो. त्याची लहर रुळाच्या तळाला जाऊन परत येते. परत आली नाही तर वाटेत काहीतरी आहे. दुसरे ७० अंशांत कललेले असतात, ते माथ्यातले आडवे तडे हुडकतात. ऑपरेटर डोक्यावर टोपी, गळ्याला रुमाल बांधून गाडी ढकलत चालतो. मागे एक जण गाडी येते का ते बघतो. उन्हात पडदा दिसत नाही म्हणून हाताचा आडोसा करावा लागतो. मी एकदा फलाटावरून त्यांना बरंच अंतर जाताना बघत राहिले होते. मध्येच थांबायचे, थोडं मागे यायचे, परत पुढे. तो ‘थोडं मागे येणं’ बघून पोटात गोळा येतो.

पण या लहरीलाही दिसत नाही असा भाग आहे, आणि ते मला मामाकडून कळलं तेव्हा मी अक्षरशः दचकले. रूळ वरून जाडसर, मध्ये बारीक, खाली पसरट. वरून सोडलेली लहर मधल्या बारीक भागातून उतरते आणि फक्त त्याच्या सरळ खालचा पाया बघते. पायाचे दोन पसरट पंख तिच्या नजरेबाहेर राहतात. वेल्डच्या जागी पायात अर्धचंद्राच्या आकाराचा तडा जातो. त्याच्यासाठी वेगळा प्रोब घेऊन, खाली वाकून, प्रत्येक वेल्ड हाताने तपासावा लागतो. आणि त्या पंखांनाच सर्वांत जास्त काय खायचं? डब्यांतल्या संडासांतून थेट रुळावर पडणारं सगळं. क्लिपेखाली, लायनरखाली, जिथे ओल साचून राहते तिथे पायाचं पोलाद कुरतडलं जायचं. आपण सगळे ‘स्टेशनात गाडी उभी असताना शौचालय वापरू नये’ ही पाटी वाचून हसलोय; त्या पाटीने स्टेशनापुरती स्वच्छता राखली असेल, बाकीचं सगळं मधल्या सेक्शनवर जात होतं. मामा आणि त्याची माणसं त्यातच वाकून काम करत होती. मामा घरी आल्यावर आधी मागच्या दाराने न्हाणीघरात का जायचा, हे मामीला कधी विचारायची गरज पडली नाही. डीआरडीओबरोबर बायोटॉयलेट तयार झालं तेव्हा त्याची चर्चा स्वच्छतेच्या अंगाने झाली. रुळाच्या पायाच्या अंगाने झाली असती तर मामाला जास्त आवडलं असतं.

आणि वेल्ड. त्याचा मी एकदा रात्री पुलावरून, घरी जायचं सोडून, सगळा सोहळा बघितलाय. शेवटची लोकल गेली, ओव्हरहेडचा पुरवठा बंद झाल्याचा निरोप आला, आणि अंधारात बसलेली माणसं एकदम उठली. दोन रुळांच्या टोकांत बोटभर फट, बाजूंनी वाळूचे साचे, साच्यांच्या कडांना चिकट ओली वाळू थापलेली. पेट्रोलच्या बर्नरने टोकं लालभडक होईपर्यंत तापवली. एक जण घड्याळ बघून मिनिटं मोठ्याने म्हणत होता. मग वर मूस ठेवली. तिच्यात ॲल्युमिनियमची भुकटी आणि लोखंडाचा गंज. आणि ती पेटवायला एकाने खिशातून काढली चक्क फुलबाजी. दिवाळीतली असते तीच. ती पेटवून मुशीत खोचली, दोन पावलं मागे सरकला, आणि काही सेकंदांत मुशीतून असा पांढरा उजेड उठला की पुलाच्या जाळीची सावली माझ्या अंगावर पडली. अडीच हजार अंशांच्या आसपासची ऊब. मूस खालून उघडली, पोलाद साच्यात उतरलं, आणि परत काळोख. ही क्लृप्ती हान्स गोल्डश्मिट या जर्मन रसायनतज्ज्ञाची, १८९५ची. पहिल्यांदा रुळांसाठी वापरली ती एसेनमध्ये, १८९९ साली. सव्वाशे वर्षं झाली, अजून आपले रूळ तिनेच जोडले जातात. कारखान्यातलं विजेचं वेल्डिंग यापेक्षा कितीतरी भरवशाचं, पण रात्री दोन वाजता, खडीवर, पाऊण तासात जोड द्यायचा तर वाळू, फुलबाजी आणि माणसाचा हात.

यातली मजा पुढे आहे. मजा हा शब्द बरोबर नाही, पण राहू दे. एक वेल्ड खराब निघाला तर तो कापून काढायचा आणि तिथे नवा तुकडा घालायचा. तुकड्याला दोन टोकं. म्हणजे एक संशयास्पद जोड गेला आणि दोन नवे आले. दुरुस्ती केल्यावर काळजीच्या जागा दुप्पट. यावर उपाय म्हणून ७५ मिलिमीटरच्या रुंद फटीचं वेल्डिंग आलं: नेहमीची फट पंचविसाची, त्याऐवजी खराब जोड पुरता कापून टाकायचा आणि ती मोठी फट एकाच ओतकामात भरून काढायची. दोनऐवजी एक. ऐकायला किरकोळ वाटतं, पण मला हे आख्ख्या रेल्वेतलं सर्वांत आवडतं संशोधन आहे. त्यात कुठलंही विमान उडत नाही. फक्त कोणीतरी म्हणालंय की या दुरुस्तीने आपण स्वतःचंच काम वाढवतोय.

खडीचंही तेच. इगतपुरीत मामाची गँग बीटर घेऊन स्लीपरखाली खडी ठोसायची, मुकादम हाळी द्यायचा आणि आठ-दहा बीटर एका ठेक्यात पडायचे. आता रात्री पिवळी मशीन येते. ती रूळ स्लीपरसकट उचलते, लोखंडी बोटं खडीत खुपसते आणि सेकंदाला ३५ वेळा थरथरवत खडी स्लीपरखाली दाबते. आमच्या इमारतीत कपबशा किणकिणतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर तक्रारी सुरू होतात. मशीन मार्ग अगदी सरळ करून जाते. पण काही आठवड्यांत मार्ग हळूहळू पहिल्यासारखाच खचतो, जिथे आधी खाच होती बरोबर तिथेच. अभियंते याला खडीची स्मृती म्हणतात. शिवाय दर खेपेला त्या बोटांनी काळ्या पाषाणाचे कोपरे तुटतात, भुकटी होते, पाणी निचरत नाही, आणि मग परत मशीन. ब्रिटिश रेल्वेच्या संशोधकांनी यातून वाट काढली: खडीला हात लावायचा नाही, स्लीपर उचलायचा आणि जेवढा खळगा असेल तेवढी बारीक खडी हवेच्या झोताने आत फुंकायची. हे मी मामाला कौतुकाने सांगायला गेले तर तो म्हणाला, ‘अगं, हे आम्ही फावड्यानं करायचो. खळगा मोजायचा, तेवढीच चिप मोजून घालायची. मेजर्ड शॉव्हेल पॅकिंग.’ आणि खरंच, त्या यंत्राची कल्पना त्याच जुन्या हातकामावरून निघालेली. मामा पुढे बराच वेळ खूश होता.

अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या प्वेब्लो इथे १९७६ पासून रुळांचं एक रिंगण होतं. त्यावर मालगाडी रात्र-रात्र फिरवायचे. माल पोचवायचा नव्हता. रूळ, वेल्ड, स्लीपर, खडी लवकर झिजून, तुटून मोडावेत आणि ते कसे मोडतात ते बघता यावं, एवढ्यासाठी. जन्मभर रूळ तुटू नये म्हणून धडपडलेल्या माणसाला हे कसं वाटेल म्हणून मामाला विचारलं. ‘चांगलं आहे की. आमच्याकडे पब्लिक बसलेली असते.’

पण सगळ्यात जास्त मी अडकले ती इंग्लंडातल्या हॅटफील्डच्या अपघातापाशी. लंडनहून लीड्सला जाणारी गाडी, १७ ऑक्टोबर २०००, ताशी सुमारे १८५ किलोमीटर. वळणावरच्या रुळाचे एकाएकी शेकडो तुकडे झाले. चार जण गेले. कारण शोधायला कोणाला फार लांब जावं लागलं नाही. रुळाच्या माथ्यावर, चाक घासतं त्या आतल्या कडेला बारीक चिरांची जाळी झाली होती. चाक आणि रूळ टेकतात ती जागा नाण्याएवढी. त्या नाण्यावरून टनावारी भार सरकत राहिला की पोलादाचं कातडं थकतं, चिरा पडतात आणि मग त्या आत वळतात. इथे एक गमतीदार, म्हणजे खरं तर भयंकर गोष्ट आहे. जुने मऊ रूळ भराभर झिजायचे. चीर पडली तरी ती खोल जायच्या आत वरचा थर घासून जायचा आणि चीर त्याच्याबरोबर नाहीशी व्हायची. मग संशोधनाने कठीण, न झिजणारं पोलाद दिलं. रूळ झिजायचे थांबले आणि चिरा जगायला लागल्या. आता त्यावर उपाय म्हणून मुद्दाम दगडी चाकांची मशीन आणून माथ्यावरून मिलिमीटरच्या अंशाएवढा थर घासून काढतात, नेमका तेवढाच, जेवढ्यात चीर संपेल आणि रुळाचं आयुष्यही फार खर्च होणार नाही. आपल्याकडेही हे ग्राइंडिंग चालतं. झीज वाचवायला चांगलं पोलाद केलं, आणि मग पैसे मोजून झीज विकत घेतली.

हॅटफील्डचा तो रूळ खराब आहे हे अपघाताच्या आधी माहीत होतं. नवा रूळ आणून कडेला टाकलेला होता. कित्येक महिने तो तिथेच पडून होता, कारण बदलायला मार्ग मोकळा मिळत नव्हता.

विद्या कमी पडली नव्हती. तास कमी पडले.

अपघातानंतर घाबरून देशभर बाराशेहून अधिक ठिकाणी वेगमर्यादा लावल्या, सगळं वेळापत्रक कोलमडलं, आणि मार्ग सांभाळणारी कंपनी वर्षभरात बुडाली. आधी जे काही तास द्यायचे नव्हते त्याच्या बदल्यात महिने गेले. हे वाचल्यापासून रविवारच्या मेगाब्लॉककडे मी जरा वेगळ्या नजरेने बघते. जरा. पूर्ण सुधारले असं म्हणणार नाही. गेल्या रविवारीच अकराच्या सुमाराला फलाटावर तुडुंब गर्दीत मी बडबड केलीच. मुंबईत शेवटची लोकल आणि पहिली लोकल यांत तीनेक तासांचं अंतर. त्यात वीज बंद करायची, सामान पोचवायचं, काम करायचं, वेल्ड ओतल्यावर अर्धा तास त्यावरून गाडी न्यायची नाही, आणि पहिल्या लोकलच्या आधी सगळं उचलून बाजूला. प्रत्यक्ष कामाला किती वेळ उरतो ते ज्याचं त्याने बोटांवर मोजावं. आणि दिवसा गाड्यांच्या मधल्या फटीत जे काम होतं ते गँगमन जीव मुठीत धरून करतात. बाजूच्या मार्गावरून येणाऱ्या गाडीने दर वर्षी त्यांतले काही जातात, आणि ती बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. अनिल काकोडकरांच्या समितीने २०१२ साली रेल्वेच्या सुरक्षेवर अहवाल दिला तेव्हा पाच वर्षांत एक लाख कोटी रुपये लागतील असं म्हटलं होतं, आणि त्या आकड्याचीच चर्चा झाली. पैसे मागता येतात. पण सकाळचा सव्वाआठचा फास्ट रद्द करून तिथे रूळ बदलू द्या, असं कोणी मागून बघावं. मीच पहिली बोंब मारीन.

ती फुली? जानेवारीत एक दिवस नव्हती. त्या जागी वेल्डचा नवा फुगवटा होता, निळसर, अजून गंज न धरलेला, आणि माथा घासून चकचकीत केलेला. आजूबाजूला कुठे दुसरा जोड दिसला नाही, म्हणजे रुंद फटीचं काम असणार. कोणत्या रात्री झालं कोण जाणे. फलाटावरच्या कोणालाच काही फरक पडला नव्हता आणि मी एकटीच खुळ्यासारखी वाकून बघत होते. शेजारच्या बाईंनी विचारलं, ‘काही पडलं का तुमचं?’

माझं एक साधं म्हणणं आहे. शनिवारच्या पेपरात येतं: ‘देखभाल-दुरुस्तीच्या विविध कामांसाठी उद्या मेगाब्लॉक.’ विविध म्हणजे काय ते कधी कळत नाही. सोमवारी चार ओळी छापा ना, की काल अमुक दोन स्टेशनांमध्ये इतके वेल्ड केले, इतकी खडी चाळली, एवढ्या फुल्या पुसल्या. शिव्या आम्ही तेवढ्याच देऊ, पण निदान कशाबद्दल देतोय ते समजेल. हे मी मामाला फोनवर तावातावाने सांगितलं आणि शेवटी म्हटलं, रविवारी तुझ्याकडे यायचं होतं पण माटुंगा-मुलुंड ब्लॉक आहे, फार हाल होतात.

‘मग सोमवारी ये,’ मामा म्हणाला. ‘आणि येताना दारात उभी राहू नकोस, वारा लागतो.’